धागा : जैवइंधनाचा रेणू आणि ज्योतीचा वेग – मोजायचा कसा, समजायचा कसा (इंदूर)

ज्योतदर्शी (धागाकर्ता)

मंडळी, प्रयोगशाळेत चार इंधनांची तुलना मांडायची आहे: देवगुराडियाच्या ओल्या कचऱ्याच्या प्रकल्पात तयार होतो तसा बायो-सीएनजी, इथेनॉल, ब्युटेनॉलचे चारही समघटक आणि सोयाबीन तेलाचा मिथिल एस्टर (म्हणजे बायोडिझेल). रेणूची घडण बदलली की ज्योतीचा वेग का आणि किती बदलतो, हे आकड्यांनी दाखवायचं आहे.

नव्या वाचकांसाठी: इथे ज्वलनवेग म्हणजे स्तरीय ज्वलनवेग. समोरच्या न जळलेल्या मिश्रणाच्या तुलनेत ज्योतीचा पृष्ठभाग स्वतःला लंब दिशेने किती वेगाने पुढे सरकतो, तो आकडा. गरम वायू फुगल्यामुळे डोळ्यांना दिसणारी धाव यापेक्षा पुष्कळ जास्त असते.

सुरुवात शुद्ध मिथेनने केली आहे. नॉझलचा आतला व्यास १० मिमी, हवा आणि वायू मिळून मिनिटाला ६ लिटर (साबणाच्या फुग्याच्या मीटरने मोजलेले), फाय १.०५ (फाय म्हणजे इंधन-हवेचं प्रमाण; हवा पूर्ण वापरली जाईल नेमकं तेवढं इंधन असेल तर १). सावलीचित्रात शंकूचा अर्धकोन १९ अंश येतो. प्रवाहाचा वेग १२७ सेंमी/से., त्याला १९ अंशांच्या साइनने गुणलं तर ४१.४ सेंमी/से. पुस्तकातला मिथेनचा आकडा ३७च्या आसपास आहे. साडेचारचा फरक कुठून आला?

---

पीथमपूर_बर्नर

खोलीचं तापमान आणि त्या दिवशीचा हवेचा दाब लिहिला नाहीत. पुस्तकातला ३७ हा २५ अंश सेल्सिअस आणि १ ॲटमॉस्फिअरचा आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे. इथला दाब ९५० मिलिबारच्या आसपास, म्हणजे ०.९४ ॲटमॉस्फिअर.

मिथेनचा वेग दाबाच्या उणे अर्ध्या घाताने बदलतो. ०.९४चा उणे ०.५ घात १.०३. म्हणजे तीन टक्के तर नुसत्या उंचीचे. तापमानाचा घात मिथेनसाठी १.७ धरा (केल्विनमध्ये). खोली ३८ अंशांवर असेल तर ३११ भागिले २९८, त्याचा १.७ घात, १.०७५. दोन्हींचा गुणाकार १.११. ३७ गुणिले १.११ म्हणजे ४१.

---

ज्योतदर्शी

खोली ३८ अंशच होती, दाब ९४८ मिलिबार. म्हणजे मोजमाप बरोबर निघालं! पण मग प्रत्येक नोंदीसोबत तापमान आणि दाब लिहिणं सक्तीचं करावं लागेल.

---

पीथमपूर_बर्नर

सक्तीचंच करा. आणखी दोन खाचखळगे याच जातीचे आहेत.

पहिला, मास फ्लो कंट्रोलर, म्हणजे वायूचा प्रवाह मोजून ठरवणारं यंत्र. त्याच्या पडद्यावरचा लिटर हा 'स्टँडर्ड' लिटर असतो, आणि ते स्टँडर्ड बहुतेक वेळा ० अंश आणि १ ॲटमॉस्फिअरचं असतं. काही कंपन्या २० किंवा २५ अंश धरतात, ते माहितीपत्रकात बघून घ्यावं. ० अंशवाला असेल तर इंदुरात ३० अंश आणि ९५० मिलिबारला त्याचा १ लिटर प्रत्यक्षात १.१८ लिटर होतो. फाय बिघडत नाही, कारण हवा आणि वायू दोघंही सारखेच फुगतात. पण नॉझलमधला वेग साधारण १५ टक्के कमी धरला जातो आणि ज्वलनवेगही तेवढ्याच प्रमाणात कमी निघतो. ही चूक उंचीच्या परिणामाच्या उलट दिशेची आहे. दोन्ही एकत्र झाल्या तर उत्तर पुस्तकाच्या बरंच जवळ येतं आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. म्हणून साबणाच्या फुग्याच्या मीटरने निदान एकदा तरी पडताळा घ्यावा.

दुसरा, पावसाळा. जुलैत २८ अंशांना ८० टक्के आर्द्रता असली तर हवेत जवळजवळ ३ टक्के वाफ असते. तेवढा ऑक्सिजन कमी, म्हणजे फाय ३ टक्क्यांनी वर, आणि वाफेची उष्णता शोषायची ताकद ज्योतीला मंद करते ते वेगळं. कॉम्प्रेसरनंतर सिलिका जेलचा स्तंभ लावा. निळी किंवा नारिंगी जेल, रंग बदलला की भट्टीत वाळवून परत वापरता येते.

---

भिंगवाला

सावलीचित्र घेतलंत ते योग्य केलंत. डोळ्यांना दिसणारा निळा शंकू ज्योतीच्या गरम बाजूला असतो, म्हणजे किंचित मोठा. त्याचं क्षेत्रफळ घेतलं तर वेग कमी निघतो. शिवाय टोक आणि कडा मोजू नका. टोकाला वक्रता फार, आणि कडेला नॉझलचं धातू उष्णता ओढून घेतं. शंकूच्या उंचीचा मधला साठेक टक्के भाग घ्या, तिथली रेघ सरळ असते. ती सरळ नसेल तर नॉझलमधून वेग सर्वत्र सारखा निघत नाही असं समजावं. लांब सरळ नळीपेक्षा निमुळती होत जाणारी, आतून गुळगुळीत नॉझल वापरावी.

---

एमई_द्वितीय_वर्ष

एक मूलभूत शंका. ज्या रेणूतला कार्बन-हायड्रोजन बंध कमकुवत, तो लवकर तुटणार, म्हणून ज्योत वेगवान, असं सरळ म्हणता येईल का? मग बंधऊर्जेच्या तक्त्यावरूनच इंधनांचा क्रम लावता येईल.

---

मूलक

नाही लावता येणार. आणि हा गैरसमज इतका पसरलेला आहे की जरा सविस्तर लिहिते.

ज्योतीत मूळ इंधनाचा रेणू फार काळ टिकतच नाही. ज्योतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. जिथे तापमान १५०० केल्विनच्या पुढे जातं तिथे पोहोचेपर्यंत इंधनाचे तुकडे झालेले असतात. बंध ४४० किलोज्यूलचा आहे की ४००चा, यावर सुरुवातीच्या तुटण्याची जागा थोडी पुढेमागे होते, पण ज्योतीचा एकूण वेग त्यावर अडत नाही. अडतो तो एका प्रक्रियेवर: हायड्रोजन अणू आणि ऑक्सिजन रेणू मिळून ओएच आणि ऑक्सिजन अणू. एका मूलकाचे (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या, चटकन प्रक्रिया करणाऱ्या तुकड्याचे) दोन होतात. हीच शाखा फुटण्याची प्रक्रिया, आणि इंधन कोणतंही असो, ज्योत हिच्याच जोरावर चालते. हायड्रोजनचा अणू सगळ्यांत हलका असल्याने तो ज्योतीतून मागे, थंड मिश्रणाकडेही झपाट्याने पसरतो.

म्हणजे रेणूच्या घडणीला प्रश्न एकच विचारायचा: तुझ्या तुकड्यांमधून हायड्रोजन अणू मोकळे होतात, की तुझे तुकडे हायड्रोजन अणू गिळून टाकतात?

मोकळे करणारे तुकडे: फॉर्माल्डिहाइड (त्यातून एचसीओ आणि त्यातून हायड्रोजन अणू), एथिलीन, व्हिनिल.

गिळणारे तुकडे: मिथिल, कारण मिथिल आणि हायड्रोजन अणू जुळून मिथेन होतं आणि साखळी तिथे थांबते. त्याहून हट्टी म्हणजे ॲलिल आणि मेथॲलिल. यांच्यातला एकटा इलेक्ट्रॉन दोन टोकांत वाटला गेलेला असतो, म्हणून ते ऑक्सिजनशी जवळजवळ बोलतच नाहीत. ज्योतीत साचतात आणि हायड्रोजन अणू पकडून प्रोपीन किंवा आयसोब्युटीन होतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. ॲलिलच्या शेजारचा बंध फारच कमकुवत, ३७० किलोज्यूलच्या आसपास. तुमच्या नियमाने तो असलेला रेणू वेगवान हवा. प्रत्यक्षात तो बंध तुटून जे उरतं तेच ज्योतीला ब्रेक लावतं.

---

मूलक

वरच्याला जोडून एक उदाहरण. इथेनॉल आणि डायमिथिल ईथर, दोघांचं रेणुसूत्र एकच: दोन कार्बन, सहा हायड्रोजन, एक ऑक्सिजन. सीटेन अंक (इंधन किती सहज आपोआप पेटतं त्याचं माप) ईथरचा ५५च्या वर, इथेनॉलचा दहाच्या आसपास. आपोआप पेट घेण्यात जमीन-अस्मानाचा फरक. पण २५ अंशांना ज्वलनवेगाचं शिखर ईथरचं ४५च्या थोडं पुढे आणि इथेनॉलचं चाळिशीच्या किंचित वर. फरक दहा टक्क्यांच्या आसपास. आपोआप पेटणं हा कमी तापमानातल्या पेरॉक्साइडांचा कारभार, ज्योत पुढे सरकणं हा जास्त तापमानातला. हे दोन आकडे एकाच तराजूत टाकू नयेत.

मिथेनॉलचंही बघा. त्यातून सीएच२ओएच, त्यातून फॉर्माल्डिहाइड आणि हायड्रोजन अणू. कार्बन-कार्बन बंधच नाही, म्हणून मिथिल फारसा नाही. म्हणून ज्योतीचं तापमान इथेनॉलपेक्षा कमी असूनही मिथेनॉल इथेनॉलच्या पुढे. नुसतं तापमान बघणारा इथे फसतो.

---

एमई_द्वितीय_वर्ष

धन्यवाद ताई. मग ब्युटेनॉलच्या चार समघटकांचा क्रम या तुकड्यांवरूनच सांगता यावा?

---

मूलक

येतो, आणि म्हणूनच ब्युटेनॉल शिकवायला उत्तम. चौघांचं रेणुसूत्र एक, ज्योतीचं तापमान जवळपास एक. म्हणजे फरक दिसला तर तो घडणीचाच.

सरळ साखळीचं एक-ब्युटेनॉल: टोकाकडचा हायड्रोजन निघाला की साखळी मधोमध तुटते, एथिलीन आणि ओएच हातात येतं. दुसऱ्या जागी तुटलं तर प्रोपीन आणि सीएच२ओएच, तिसऱ्या जागी एक-ब्युटीन आणि ओएच. मिश्र माल, पण त्यात एथिलीनचा वाटा चांगला.

आयसोब्युटेनॉल: फांदी आली. प्रोपीन आणि आयसोब्युटीन वाढले. दोन-ब्युटेनॉल: ब्युटीन आणि मिथिल वाढले. हे दोघं एकमेकांच्या अगदी जवळ, एक-ब्युटेनॉलच्या मागे.

तृतीयक ब्युटेनॉल: ओएच असलेल्या कार्बनवर तीन मिथिल. पाणी सुटून आयसोब्युटीन, नाहीतर मिथिल सुटून ॲसिटोन. आयसोब्युटीनमधून मेथॲलिल. दोन्ही वाटा बंद दाराकडे जातात. चौघांत हा स्पष्टपणे शेवटचा.

म्हणून वर्गात एकच जोडी दाखवायची असेल तर एक-ब्युटेनॉल आणि तृतीयक ब्युटेनॉल दाखवा. मधल्या दोघांचा फरक बऱ्याच मोजमापांच्या चुकीच्या आत जातो. एक सूचना: तृतीयक ब्युटेनॉल शुद्ध असेल तर २५ अंशांच्या आसपास गोठतं. हिवाळ्यात सिरिंजमध्येच घट्ट होईल, बाटली आणि सिरिंज ३५-४० अंशांवर ठेवा.

---

ज्योतदर्शी

उत्कृष्ट. द्रवरूप इंधन बर्नरपर्यंत न्यायचं कसं, हे कोणी नेमक्या आकड्यांसह लिहील का? सिरिंज पंप आणि हीटिंग टेप आहे.

---

पीथमपूर_बर्नर

मिनिटाला १० लिटर हवा (२५ अंश, १ ॲटमॉस्फिअरचे लिटर) धरून फाय १ साठी:

इथेनॉल: एका रेणूला ३ ऑक्सिजन, म्हणजे १४.३ पट हवा. मिनिटाला १.३२ ग्रॅम, साधारण १.६८ मिली.
ब्युटेनॉल: ६ ऑक्सिजन, २८.६ पट हवा. १.०६ ग्रॅम, साधारण १.३१ मिली.

फाय बदलायचा तर हवा तशीच ठेवून पंपाचा वेग त्या पटीत बदला.

आता दवबिंदू. इथेनॉलचं फाय १चं मिश्रण म्हणजे ६.५ टक्के वाफ, ६.६ किलोपास्कल. २५ अंशांना इथेनॉलचा बाष्पदाब ७.९ असतो, म्हणजे जेमतेम जमतं. फाय १.४ला मात्र ९ किलोपास्कल लागतात, तिथे थंड नळीत थेंब धरतात. एक-ब्युटेनॉलला ३.४ किलोपास्कल लागतात आणि खोलीच्या तापमानाला त्याचा बाष्पदाब १च्याही खाली, त्यामुळे ४५-५० अंशांखाली ते जमणारच नाही. नियम असा ठेवा: पूर्ण नळी दवबिंदूच्या २० ते ३० अंश वर. एखाद्या जोडापाशी टेप सुटली की तेवढ्याच जागी द्रव साठतो, मग एकदम उडतो आणि ज्योत दर काही सेकंदांनी उंच-बुटकी होते. लोक पंपाला दोष देत बसतात.

पंपाचाही दोष असतो, पण त्याची खूण वेगळी. मोटरचे टप्पे बारीक, नियमित थरथर देतात. उपाय: बारीक सिरिंज घ्या (५० मिलीऐवजी १० मिली), सुईचं टोक गरम केलेल्या काचमण्यांच्या थरात टेकवा. थेंब लटकून पडायला जागा ठेवू नका. मोठी मिश्रण-टाकी लावली तर थरथर जाते, पण ती टाकी म्हणजे पेटू शकणाऱ्या मिश्रणाचा साठा. ज्योत मागे आली तर स्फोट. टाकी लहान ठेवा आणि बर्नरच्या लगेच आधी सच्छिद्र काशाची (सिंटर्ड ब्राँझ) ज्योतरोधक चकती बसवा. सियागंज बाजारात मिळणारी साधी पितळी जाळी एकच थर लावून पुरत नाही, तिची भोकं बरीच मोठी असतात.

नळी टेफ्लॉनची किंवा स्टीलची. रबरी नळी अल्कोहोल शोषते, मग इंधन बदललं तरी आधीचं इंधन तासभर येत राहतं.

---

इंदूरकर_ताई

इथेनॉल कोणतं आहे तेही लिहा. ९९.५ टक्के निर्जल आणि ९५.६ टक्के रेक्टिफाइड यांतल्या दुसऱ्यात वजनाने ४.४ टक्केच पाणी दिसतं, पण रेणूंच्या मोजणीत ते पाणी १०.५ टक्के असतं. रेक्टिफाइड वापरून निर्जलचा हिशेब केला तर फाय चारेक टक्क्यांनी खाली जातो. शिखराच्या आसपास हे कळत नाही, कारण तिथे वक्र सपाट असतो. ०.८च्या लीन (इंधन कमी असलेल्या) बाजूला मात्र ठळक चूक दिसते. निर्जल इथेनॉल उघड्या बाटलीतही पाणी ओढतं, ३ ए आण्विक चाळणीचे मणी टाकून ठेवा.

---

भिंगवाला

बन्सनच्या शंकूवर वर्ग चालेल, पण समघटकांतला बारीक फरक पकडायचा तर उष्णताप्रवाह पद्धत किंवा गोलाकार ज्योतीची पद्धत घ्यावी.

उष्णताप्रवाह पद्धत नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला घडली. पितळेच्या भोकाभोकांच्या पट्टीवर सपाट ज्योत बसवतात. पट्टीची कड गरम पाण्याने तापवतात, म्हणजे ज्योतीने पट्टीला दिलेली उष्णता पट्टी येणाऱ्या मिश्रणाला परत करते. पट्टीत केंद्रापासून कडेपर्यंत थर्मोकपल असतात. प्रवाह कमी-जास्त करत जायचं. ज्या वेगाला सगळे थर्मोकपल एकच तापमान दाखवतात, तोच उष्णता न गमावणाऱ्या ज्योतीचा वेग. ताण (ज्योतीचा पृष्ठभाग ताणला जाण्याचा दर) जवळजवळ शून्य, म्हणून दुरुस्तीची गरज नाही. आयआयटी मुंबईत विकसित झालेली, बाहेरून तापवलेल्या रुंदावत जाणाऱ्या नालीची पद्धतही आहे. तिचं बळ जास्त तापमानात.

गोलाकार ज्योतीसाठी बंद भांडं, मध्ये ठिणगी, दोन बाजूंना काचा आणि श्लीरेन (घनतेतला फरक दिसेल असं चित्रण). ४ लिटरच्या भांड्यात ३५८ केल्विन, १ बार, फाय १चं इथेनॉल भरायचं तर त्याचा आंशिक दाब ६५.४ मिलिबार, म्हणजे ०.५१ मिली द्रव. दाबमापक १ मिलिबारचा असेल तर दीड टक्का चूक तिथेच. ब्युटेनॉलला आंशिक दाब ३३.८, चूक तीन टक्के. म्हणून ०.१ मिलिबारचा मापक घ्या. आधी निर्वात १ मिलिबारच्या खाली, मग इंधन, मग पाच मिनिटं थांबून दाब बघा. अल्कोहोल भिंतींना चिकटतं आणि दाब हळूहळू उतरतो. मग हवा, आणि ढवळल्यावर पुन्हा पाच मिनिटं शांत.

ज्योतीच्या त्रिज्येचा वेग काढताना पहिले ६-८ मिमी टाकून द्या, तिथे ठिणगीचाच जोर असतो. वरची मर्यादा भांड्याच्या त्रिज्येच्या तीस टक्क्यांच्या आत, नाहीतर भिंतींचा दाब जाणवतो. ताण म्हणजे त्रिज्येचा वेग भागिले त्रिज्या, गुणिले दोन. इथेनॉलची गरम बाजूची धाव ३५८ केल्विनला सुमारे ३.७ मीटर/से.: १० मिमीला ताण ७४० प्रति सेकंद, २५ मिमीला ३००च्या आत. वेग विरुद्ध ताण असा आलेख काढून शून्य ताणापर्यंत रेघ न्यायची आणि मग जळालेल्या आणि न जळालेल्या वायूच्या घनतेच्या गुणोत्तराने गुणायचं. ८ ते २५ मिमीचा प्रवास साडेचार मिलिसेकंदांत संपतो, म्हणून कॅमेरा सेकंदाला १०,००० चित्रांचा हवा. ५,०००ला तेवीसच बिंदू मिळतात.

---

एमई_द्वितीय_वर्ष

सर, पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या तर?

भिंगवाला

ती नोंद टाकून द्या. भेगा पडल्या की पृष्ठभाग वाढतो आणि वेग खोटा वाढतो. अल्कोहोलच्या रिच (इंधन जास्त असलेल्या) बाजूला आणि जास्त दाबाला हे हमखास होतं.

---

सोयामाळवा

सोयाबीनच्या एस्टरबद्दल. तेलातली घडण साधारण अशी: पामिटिक ११, स्टिअरिक ४, ओलेइक २३, लिनोलेइक ५३, लिनोलेनिक ८ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त साखळ्यांत दोन दुहेरी बंध आणि मधल्या कार्बनवर तो अतिशय सैल हायड्रोजन.

अडचण रसायनाची नंतर, आधी वाफ करण्याची. मिथिल लिनोलिएटच्या एका रेणूला १२६ पट हवा लागते. फाय १ला वाफ ०.८ टक्केच, तरीही ती टिकवायला मिश्रण २०० अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. या तापमानाला हवेच्या संपर्कात लिनोलिएटचं ऑक्सिडेशन होऊन भिंतींवर डिंक धरतो. उपाय: वाफ नायट्रोजनमध्ये करा आणि ऑक्सिजन बर्नरच्या अगदी जवळ, ७९ला २१ या प्रमाणात मिसळा. दर १० लिटर हवेमागे एस्टर १.०८ मिली. रोज काम संपल्यावर ॲसिटोन फिरवून नायट्रोजनने नळी कोरडी करा.

४७३ केल्विनचा आकडा २९८च्या आकड्याशेजारी छापू नका. तापमानामुळेच वेग सव्वादोन पट होतो. इथेनॉल, ब्युटेनॉल, एस्टर, सगळे एकाच तापमानाला मोजून शेजारी मांडा.

---

ज्योतदर्शी

म्हणजे दुहेरी बंधांमुळे सोयाबीनचा एस्टर पामच्या एस्टरपेक्षा वेगवान की मंद?

---

मूलक

फरक फारच थोडा निघेल, आणि ते का हेच विद्यार्थ्यांना सांगण्यासारखं आहे. इथेन चाळीसच्या आसपास, एथिलीन पासष्टच्या पुढे: दुहेरी बंधाने केवढी उडी! पण प्रोपेन चाळीस आणि प्रोपीन पंचेचाळिशीच्या आत. एक कार्बन वाढला आणि फायदा बहुतेक विरला, कारण प्रोपीनमधून ॲलिल निघतं. एकोणीस कार्बनांच्या रेणूत दोन दुहेरी बंध म्हणजे समुद्रात मीठ. ज्योतीचं तापमान किंचित वाढतं ते एकीकडे, आणि स्थिर मूलक साचतात ते दुसरीकडे.

एस्टरचा खरा ठसा दुसरीकडे आहे. त्याच्या टोकाशी दोन ऑक्सिजन एकाच कार्बनला बांधलेले असतात. तो तुकडा बऱ्याचदा सरळ कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, म्हणजे इंधनाने आणलेला ऑक्सिजन मूलक वाढवायला कामी येत नाही. म्हणून मिथिल डेकॅनोएट डेकेनपेक्षा थोडा मागे पडतो. साखळी जितकी लांब तितका हा परिणाम पातळ.

सीटेनमध्ये मात्र घडण ओरडून दिसते: मिथिल पामिटेट ७०च्या वर, मिथिल लिनोलिएट चाळिशीत. डिझेल इंजिनाची चर्चा असेल तर तिथे सीटेन बघा, ज्वलनवेग नव्हे.

---

पीथमपूर_बर्नर

बायो-सीएनजी राहून गेला. रेणू मिथेनचाच, म्हणून घडणीचा प्रश्न नाही, प्रश्न सोबतच्या कार्बन डायऑक्साइडचा. भारतीय मानकात मिथेन किमान ९० टक्के. ४ टक्के कार्बन डायऑक्साइडने वेग जेमतेम एक-दोन टक्के उतरतो, तुमच्या यंत्रणेत तो दिसणार नाही. पण शुद्ध न केलेला ६०:४०चा बायोगॅस पंचविशीच्या आसपास येतो. तिथे कार्बन डायऑक्साइड नुसती उष्णता शोषत नाही, हायड्रोजन अणूशी भिडून कार्बन मोनॉक्साइड आणि ओएच करतो, म्हणजे शाखा फुटायला लागणारा अणूच पळवतो. शेगडीला याचा अर्थ: सीएनजीचं बर्नर जसंच्या तसं बायोगॅसला लावलं तर ज्योत तोंडावरून उडते. छिद्रांची संख्या वाढवून बाहेर पडण्याचा वेग कमी करावा लागतो.

शुद्ध न केलेला वायू पितळी जोडांवरून नेऊ नका, त्यातला हायड्रोजन सल्फाइड ओलसर असला की पितळ खातो.

---

इंदूरकर_ताई

ई२० पेट्रोलबद्दल विद्यार्थी हमखास विचारतात, म्हणून हिशेब देऊन ठेवते. आकारमानाने २० टक्के इथेनॉल म्हणजे रेणूंच्या मोजणीत ३६ टक्के, पण ऊर्जेत १४ टक्केच. मिश्रणाचा वेग ऊर्जेच्या वाट्याने सरासरी काढली तर मोजमापाच्या जवळ येतो. ३५८ केल्विनला आयसोऑक्टेन (पेट्रोलच्या जागी धरलेला) ४७, इथेनॉल ५७ धरा. ४७ अधिक १० गुणिले ०.१४, म्हणजे ४८.४. तीन टक्के. एवढ्याने इंजिनात ठिणगीची वेळ बदलावी लागत नाही. बदलते ती इथेनॉलच्या वाफेने हवा थंड होते आणि ठोका कमी येतो म्हणून.

---

संगणकी_ज्वाला

मोजमापासोबत गणितही ठेवा. कॅन्टेरा या ज्वलनाचं गणित करणाऱ्या संगणकप्रणालीत मुक्त ज्योत, रुंदी ३ सेंमी, उताराची मर्यादा ०.०६ आणि वक्रतेची ०.१२. जाळी मोकळी ठेवली तर वेग काही टक्के चढा येतो. ०.०६ आणि ०.०३ला उत्तर तेच आलं की समजा जाळी पुरेशी बारीक आहे.

सगळ्यांत जास्त होणारी चूक: जीआरआय-मेक ३.० ही प्रक्रियांची तयार यादी (यंत्रणा) घेऊन इथेनॉल चालवायला जाणं. ती ५३ घटक आणि ३२५ प्रक्रियांची यंत्रणा नैसर्गिक वायूसाठी बांधली आहे, तीत इथेनॉल नाहीच. मिथेन आणि बायोगॅसला ती ठीक, अल्कोहोलला अल्कोहोलची यंत्रणा घ्या. ब्युटेनॉलची यंत्रणा घेताना चारही समघटक आहेत का ते बघा, पुष्कळ फायलींत फक्त एक-ब्युटेनॉल असतं. आणि वेग काढून थांबू नका, संवेदनशीलतेचा तक्ता (कोणत्या प्रक्रियेने वेग किती बदलतो तो) छापा. चारही इंधनांत वरची ओळ एकच येईल, हायड्रोजन अणू आणि ऑक्सिजनची. तिच्याखालच्या ओळींत मूलक ताईंनी लिहिलेलं सगळं दिसेल: तृतीयक ब्युटेनॉलमध्ये मेथॲलिल, मिथेनमध्ये मिथिल.

---

ज्योतदर्शी

ठरलं. मिथेन, मग एक-ब्युटेनॉल आणि तृतीयक ब्युटेनॉल, दोन्ही ३५८ केल्विनला, ०.७ ते १.४ फाय, ०.१च्या पायऱ्यांनी. एस्टर पुढच्या सत्रात, नायट्रोजनची व्यवस्था झाल्यावर. ज्योतरोधक चकती बसवल्यावर ती चालते की नाही हे कसं तपासायचं?

---

पीथमपूर_बर्नर

मुद्दाम ज्योत मागे आणून. मिथेन फाय १.०५, प्रवाह हळूहळू कमी करा. एका ठिकाणी ज्योत नॉझलमध्ये घुसेल, चकतीपाशी विझायला हवी. चकतीच्या मागे थर्मोकपल ठेवा, त्याचा आकडा हलला नाही तर चकती उत्तीर्ण. लगेच वायू बंद करा, कारण ज्योत चकतीवर बसून राहिली तर ती तापून निकामी होते. ही चाचणी मिथेनवर झाली तरी एक-ब्युटेनॉलसाठी पुन्हा करावी: ३५८ केल्विनला त्याचा वेग खोलीतल्या मिथेनपेक्षा जास्त आहे आणि चकतीही गरम असते. चाचणीच्या वेळी मिश्रण-टाकी काढून ठेवा, चेहऱ्यावर ढाल, आणि झडप हाताच्या अंतरावर.